खपली, ज्वारी आणि पुण्याची एल

पुण्यात ताजी, गावातच बनलेली बिअर मिळू लागल्याला आता दीड दशक होऊन गेलं. २००९ साली डूलालीने कोरिंथियन्स क्लबात छोटी ब्रुअरी उभी केली, २०१४ मध्ये मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली आणि त्यानंतर ग्रेट स्टेट एलवर्क्ससारखी, थेट नावातच एल मिरवणारी मंडळी या धंद्यात उतरली. आज कोरेगाव पार्कापासून हडपसरपर्यंतच्या पबांच्या फळ्यांवर पेल एल, आयपीए, विटबिअर, सेझाँ, स्टाउट ही नावं सहज वाचायला मिळतात, आणि त्यांच्या जोडीने ‘स्थानिक’, ‘नैसर्गिक’, ‘सेंद्रिय’ ही विशेषणंही हळूहळू येऊ लागली आहेत. या लेखाचा प्रश्न त्या शेवटच्या विशेषणाबद्दल आहे. पुण्यात बनणारी एल सेंद्रिय आहे असं म्हणायचं, तर ते कुठे आणि कसं तपासायचं? माझं उत्तर असं, की ते ब्रुअरीच्या चकचकीत टाक्यांपाशी तपासता येत नाही. ते शेतात तपासावं लागतं. आणि कोणत्या शेतात जायचं हे ब्रुअर कोणत्या प्रकारची एल बनवायला घेतो त्यावर बरंचसं ठरतं. ते शेत महाराष्ट्रातलं असावं असं वाटत असेल, तर आजच्या लोकप्रिय प्रकारांपेक्षा वेगळ्या प्रकारांकडे वळावं लागेल.

या प्रश्नासाठी मांजरीइतकं योग्य गाव पुण्याच्या परिसरात दुसरं नाही. मुंढवा आणि केशवनगर ओलांडलं की मुळा-मुठेच्या काठाने मांजरी बुद्रुक लागतं. उसाच्या, भाजीपाल्याच्या जमिनी झपाट्याने इमारतींखाली चालल्या आहेत, तरी इथला उपबाजार अजून शेतकऱ्यांच्या टेंपोंनी गजबजतो. याच गावात महाराष्ट्रातल्या आंबवण्याच्या विद्येची एक मोठी संस्था आहे. सहकारी साखर कारखान्यांच्या सभासद शेतकऱ्यांनी १९७५ साली स्थापन केलेली डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट, जिला पुढे वसंतदादा पाटलांचं नाव मिळालं, ती इथलीच. उसाबरोबर मद्यार्काचं तंत्रज्ञान शिकवणारा विभागही तिच्यात आहे. आणि जवळच, सोलापूर रस्त्यावरच्या मांजरी फार्मवर, १९९७ साली सुरू झालेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. पहिल्या संस्थेला साखरेपासून मद्यार्क कसा होतो हे ठाऊक आहे, दुसरीला फळावर फवारलेलं औषध किती उरतं हे. सेंद्रिय एलला हे दोन्ही लागतं.

आधी एल म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. धान्याला मोड आणून ते वाळवलं की माल्ट होतं. भरडलेलं माल्ट साधारण ६५ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवलं, की मोडांमध्ये तयार झालेली विकरं पिठाची साखर करतात. तो गोड रस गाळून हॉप्सबरोबर उकळायचा, थंड करायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. लागरचं यीस्ट सात ते तेरा अंशांच्या गारव्यात सावकाश काम करतं. एलचं यीस्ट, म्हणजे पावातलंच सॅकरोमायसेस सेरेव्हिसिए, पंधरा ते चोवीस अंशांत रमतं आणि लवकर काम उरकतं. एक लिटर बिअरला ढोबळमानाने दोनशे ग्रॅम धान्य लागतं, पाणी मात्र धुण्यापुसण्यासकट चार ते सात लिटर. हॉप्स लागतात काही ग्रॅमच, पण आयपीए कडू आणि सुगंधी करायची तर तेच प्रमाण लिटरला आठ-दहा ग्रॅम किंवा त्याहून वर जातं.

आता हे जिन्नस येतात कुठून ते पाहा. बार्ली, म्हणजे आपला जव, हे भारतात मुख्यतः राजस्थान, उत्तर प्रदेश, हरियाणा, पंजाब आणि मध्य प्रदेशाचं रब्बी पीक आहे. रंग आणि चव देणारी खास माल्टं बहुतेक वेळा जर्मनी किंवा बेल्जियममधून मागवली जातात. हॉप्सच्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात; जगातली लागवड बहुतेक ३५ ते ५५ अंश अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. भारतात लाहौलच्या खोऱ्यात थोडे हॉप्स होतात, बाकीचे आयात. पुण्याचा सगळ्यांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, आणि हिवाळा वेलीला विश्रांती देण्याइतका कडक नाही. तेव्हा पुण्यात बनलेल्या आयपीएमध्ये पुण्याचं काय असतं? पाणी आणि ब्रुअरचं कसब. या कसबाला मी कमी लेखत नाही, उलट गेल्या दीड दशकातली खरी कमाई तीच आहे. पण शेताच्या अंगाने पाहिलं तर ती बिअर बाहेरची आहे, आणि ती सेंद्रिय आहे की नाही हे सांगण्यासाठी ब्रुअरला हजारो किलोमीटरवरच्या कागदावर विसंबावं लागतं.

त्यातही हॉप्स हे सेंद्रिय शेतीतलं सगळ्यांत अवघड पीक म्हणावं लागेल. उंच मांडवावर चढणाऱ्या या वेलीला केवडा आणि भुरी हे बुरशीजन्य रोग आणि मावा ही कीड, या तिन्हींचा त्रास, म्हणून प्रचलित लागवडीत फवारण्या भरपूर. अमेरिकेत ही अडचण इतकी मोठी होती, की २००७ साली सेंद्रिय शिक्का मिळवणाऱ्या बिअरमध्येही बिनसेंद्रिय हॉप्स वापरायची मुभा दिली गेली. ती बंद झाली १ जानेवारी २०१३ पासून. म्हणजे काही वर्षं तिथला ग्राहक ‘सेंद्रिय’ म्हणून जे पीत होता, त्यात बिअरला बिअरपण देणारा जिन्नस सेंद्रिय नव्हता. हे कायद्याच्या चौकटीत झालं, फसवणूक म्हणता येणार नाही. पण त्यातून एक गोष्ट कळते: हॉप्सवर उभ्या असलेल्या प्रकारांना सेंद्रिय करणं फार कठीण आहे, धान्य आणि यीस्टवर उभ्या असलेल्यांना तुलनेने सोपं. आयपीए पहिल्या गटातली. सेझाँ आणि विटबिअर दुसऱ्या गटातल्या.

सेझाँ बेल्जियमच्या वालोनियातली, शेतावरची बिअर. हिवाळ्यात बनवून ठेवायची आणि उन्हाळ्यात शेतमजुरांना द्यायची अशी तिची मूळ रीत. कणगीत जे धान्य असेल ते तिच्यात जाई. तिचं यीस्ट तीस अंशांच्याही पुढे निर्धास्त काम करतं. नॉर्वेच्या खेड्यांत पिढ्यानपिढ्या जपलेलं क्वेइक नावाचं यीस्ट तर चाळिशीजवळही टिकतं. एप्रिल-मे मधल्या पुण्यात टाक्या गार ठेवायला किती वीज जाते हे कोणत्याही ब्रुअरला विचारा, म्हणजे या यीस्टांचं मोल कळेल. विटबिअरमध्ये मोड न आणलेला गहू जवळपास निम्मा, सुगंधासाठी धणे आणि संत्र्याची साल, हॉप्स नावापुरते. संत्र्यांसाठी तर महाराष्ट्राला कुणाकडे हात पसरावे लागत नाहीत.

‘सेंद्रिय’ या दाव्याचं कायदेशीर रूप भारतात स्पष्ट आहे. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नाला एनपीओपी (राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम) किंवा पीजीएस-इंडिया (शेतकऱ्यांच्या गटांची सहभागी हमी पद्धत) यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणन लागतं. एनपीओपीत हंगामी पिकांच्या जमिनीला साधारण दोन वर्षांचा संक्रमणकाळ पाळावा लागतो. बाटलीवर शिक्का असतो, तो वाचता येतो. पण छोट्या ब्रुअरीची बिअर नळातून थेट पेल्यात येते, तिच्यावर चिठ्ठी नसते. मेन्यूवर छापलेला शब्द आणि वाढप्याने दिलेली माहिती, एवढाच ग्राहकाच्या हाती येणारा पुरावा. म्हणून या धंद्यात शब्द जपून वापरणं इतर कुठल्याही खाद्यधंद्यापेक्षा जास्त गरजेचं आहे.

पुरावा कसा ठेवायचा हे शिकायला मात्र युरोपात जायची गरज नाही. २००३ च्या सुमारास भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश सापडल्यामुळे युरोपात माल अडला, आणि २००३-०४ च्या हंगामापासून निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश-तपासणीचा देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. त्याची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा मांजरीच्या द्राक्ष केंद्रात आहे. पुढे अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात प्राधिकरणाने ग्रेपनेट आणलं: प्रत्येक बागेची नोंदणी, प्रत्येक प्लॉटचा नमुना, नमुन्याचा अहवाल, आणि पेटीवरून थेट बागेपर्यंत पोचता येईल अशी साखळी. ही साखळी निर्दोष होती असं नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाच्या अंशांमुळे युरोपात पुन्हा माल अडकला आणि बागायतदारांना जबर फटका बसला. पण त्यातून तपासायच्या रसायनांच्या यादीकडे पाहण्याची दृष्टी बदलली, आणि नाशिक-सांगलीचा बागायतदार आज कोणतं औषध काढणीच्या किती दिवस आधी थांबवायचं हे तोंडपाठ सांगतो. धान्याच्या बाबतीत अशी शिस्त आपण लावलेली नाही. एखाद्या ब्रुअरीला पन्नास-साठ शेतकऱ्यांकडून धान्य घ्यायचं असेल, तर हीच पद्धत छोट्या आकारात उभी करणं अशक्य नाही: गट नंबर, वाण, पेरणीची तारीख, काय घातलं, काय फवारलं, आणि पोत्याबरोबर अहवाल.

इथे एक मोह सांगायला हवा. मांजरीच्या केंद्राने रसासाठी ‘मांजरी मेडिका’ नावाचं द्राक्ष विकसित केलं आहे, पुसा नवरंग आणि फ्लेम सीडलेस यांच्या संकरातून. त्याचा गरही गडद रंगाचा. इटलीत द्राक्षाचा रस घालून केलेल्या एलचा प्रकार आता रुजला आहे, तेव्हा ‘मांजरीची द्राक्ष-एल’ ही कल्पना कुणालाही सुचेल. चवीला ती छानच होईल. पण भुरी आणि केवड्याच्या छायेत वाढणारी द्राक्षं सेंद्रिय पद्धतीने घेणं महाराष्ट्रात अत्यंत कष्टाचं आहे, आणि हे त्याच केंद्रातल्या शास्त्रज्ञांना सगळ्यांत चांगलं ठाऊक आहे. द्राक्ष-एल करावी, पण तिला सेंद्रिय म्हणण्याची घाई करू नये.

सेंद्रिय एलसाठी आपल्याकडे खरी ताकद आहे ती कोरडवाहू धान्यांची. नाचणीपासून सुरुवात करू. तान्ह्या बाळासाठी नाचणीचं सत्त्व करताना घरातली आजी काय करते? नाचणी निवडून रात्रभर भिजत घालते, फडक्यात बांधून मोड आणते, मोड बोटाच्या पेरापेक्षा लांब जायच्या आत सावलीत वाळवते, हलकं भाजते, मग दळून वस्त्रगाळ करते. हे तंतोतंत माल्टिंग आहे. ते सत्त्व पचायला हलकं असतं आणि शिजवल्यावर पातळ राहतं, कारण मोडांतल्या विकरांनी पिठाचे लांब धागे तोडलेले असतात. भरड धान्यांमध्ये नाचणीच्या माल्टची ही ताकद विशेष चांगली आहे, आणि हिमालयातल्या छांग-तोंग्बासारख्या पेयांत नाचणी शतकानुशतकं वापरली जाते.

ज्वारीचं गणित वेगळं. तिचं पीठ शिजायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, सुमारे ६८ ते ७८ अंश, आणि त्या तापमानाला बार्लीची विकरं मरतात. तिच्या माल्टमध्ये साखर करणारं बीटा-अमायलेज हे विकर कमी. दाण्यावर टरफल नाही, त्यामुळे गाळताना लगदा घट्ट बसतो. शिवाय ज्वारीच्या कोवळ्या मोडांत धुरिन हे सायनाइड सोडणारं द्रव्य असतं. कोवळी ज्वारी चरून जनावरं दगावतात ते त्याच्यामुळेच. म्हणून माल्ट नीट भट्टीत वाळवणं आणि मुळं-कोंब झाडून काढणं यात हयगय चालत नाही. या सगळ्या अडचणींवर इलाज आहेत. ज्वारी मोड न आणता, घाट्यासारखी वेगळी शिजवून घ्यायची आणि मग नाचणीच्या व बार्लीच्या माल्टमध्ये मिसळायची. आणि एक बाजू ज्वारीच्या पारड्यातही पडते: बार्लीला मोड आणायला १४ ते १८ अंशांचा गारवा लागतो, ज्वारीला २५ ते ३०. पुण्याची बहुतेक वर्षभराची हवा तिला मानवते.

राहिला टरफलाचा प्रश्न, आणि तिथे खपली कामाला येते. सांगली, सातारा, कोल्हापूर, सोलापूर या पट्ट्यात अजून टिकून असलेला हा गहू मळणीनंतरही टरफलातच राहतो. कांडल्याशिवाय दाणा सुटत नाही. शेतकऱ्याला हा त्रास वाटतो, ब्रुअरसाठी ती सोय आहे, कारण टरफलांचा थर म्हणजे आयती गाळणी. प्राचीन इजिप्त आणि मेसोपोटेमियातल्या बिअरमध्ये बार्लीबरोबर हाच गहू वापरला जाई, आणि आजही बव्हेरियातलं रीडेनबुर्गर ब्राउहाउस सेंद्रिय खपलीपासून बिअर बनवतं. खपलीत ग्लुटेन आहे, हे मात्र फळ्यावर स्पष्ट लिहिलं पाहिजे. ‘जुना गहू’ म्हणून तो कुणालाही चालतो असा समज पसरवणं धोक्याचं आहे.

तेव्हा मांजरी-मुंढव्याच्या पट्ट्यातल्या एखाद्या ब्रुअरीने खपली, मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी आणि कोकणातली किंवा मावळातली नाचणी घेऊन सेझाँच्या धर्तीची एल केली, बार्ली तिसऱ्या हिश्श्याला आणली आणि हॉप्स लिटरला ग्रॅम-दोन ग्रॅमवर ठेवले, तर त्या पेल्यातला बराच भाग महाराष्ट्रातल्या नाव-गाव असलेल्या शेतांतला असेल. यावर पहिला आक्षेप येतो तो चवीचा: ज्वारीची बिअर कोण पिणार? याचं उत्तर नायजेरियाने देऊन ठेवलं आहे. १९८८ मध्ये तिथल्या सरकारने बार्ली माल्टच्या आयातीवर बंदी घातली आणि मोठमोठ्या ब्रुअऱ्यांना ज्वारी आणि मक्याकडे वळावं लागलं. पुढे बंदी उठली, तरी ज्वारी गेली नाही. सक्तीने आलेला बदल चवीने टिकला. तिथे बाहेरून आणलेली विकरं मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, हेही खरं. आपल्याकडे नाचणी आणि थोड्या बार्लीवर ते काम भागतं का, हे मांजरीसारख्या ठिकाणी प्रयोगाने पाहण्याजोगं आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा. माणसाच्या तोंडचं धान्य मद्यासाठी वापरायचं का? २००७ मध्ये राज्य सरकारने धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना अनुदान देण्याचं धोरण आणलं, तेव्हा डॉ. अभय बंग यांच्यासारख्यांनी त्याला कडाडून विरोध केला. तो विरोध योग्य होता असं माझं मत आहे. सार्वजनिक पैशाने मद्याचं उत्पादन वाढवायचं आणि त्याला शेतकऱ्याचं भलं म्हणायचं, हे पटण्यासारखं नव्हतं. पण इथली मागणी अनुदानाची नाही आणि आकारही वेगळा आहे. दिवसाला हजार लिटर बनवणारी ब्रुअरी धरली, तर लिटरला दोनशे ग्रॅमने दोनशे किलो धान्य, वर्षाचे तीनशे दिवस धरले तर साठ टन. कोरडवाहू रब्बी ज्वारी हेक्टरी टनाच्या आसपास देते, म्हणजे साठ-सत्तर हेक्टरांचा प्रश्न. दुसरीकडे ज्वारीचं क्षेत्र राज्यात कित्येक वर्षं आटतच चाललं आहे, आणि ते बिअरमुळे नाही; सोयाबीन, हरभरा आणि ऊस जास्त पैसे देतात म्हणून. ज्वारी गेली की कडबा जातो, कडब्यामागोमाग गोठ्यातलं जनावर. चांगला, ठरलेला भाव देणारा एक छोटा ग्राहक वाढला तर पेरा टिकायला मदत होईल, आणि गाळून उरलेला चोथा पुन्हा जवळच्या गोठ्यांत जाऊ शकतो. दुष्काळी वर्षात धान्य आधी पोटाला, ही अट करारातच घालावी.

तिसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो दोन बाजूंनी येतो. सेंद्रिय बिअर ‘आरोग्यदायी’ म्हणून विकू पाहणाऱ्यांना सांगायला हवं, की २०१६ मध्ये म्युनिकच्या एका संस्थेने जर्मनीतल्या १४ प्रसिद्ध बिअरमध्ये ग्लायफोसेटचे अंश शोधून काढले, तेव्हा तिथल्या सरकारी जोखीम-संस्थेने उत्तर दिलं, की त्या अंशांनी अपाय व्हायला दिवसाला हजार लिटर बिअर प्यावी लागेल. पेल्यातला मुख्य धोका अल्कोहोलच आहे; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेयांना कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. सेंद्रिय शिक्का त्यात काडीचाही फरक करत नाही. मग सेंद्रियचा अट्टाहास कशासाठी? फवारणी करणाऱ्या माणसासाठी, मातीसाठी, विहिरीसाठी. पिणाऱ्याच्या यकृताचा त्याच्याशी संबंध नाही, आणि तसा भास निर्माण करणं अप्रामाणिकपणाचं आहे. ज्यांना दारूच नको त्यांच्याशी माझा वाद नाही. पण राज्यात बिअर बनते आणि विकली जाते हे वास्तव आहे, आणि ती बनायचीच असेल तर कोणाच्या शेतातून, हा प्रश्न उरतोच.

पाण्याचाही हिशेब यातच धरायला हवा. मांजरी पुणे शहराच्या खालच्या अंगाला आहे, शहराने वापरून सोडलेलं पाणी आणि जलपर्णी घेऊन मुळा-मुठा इथूनच पुढे जाते. ब्रुअरीच्या सांडपाण्यात साखर आणि यीस्ट भरपूर असतं, ते नदीत गेलं तर पाण्यातला प्राणवायू खातं. सेंद्रिय धान्य घेऊन सांडपाणी तसंच सोडणाऱ्या ब्रुअरीला तो शब्द वापरण्याचा अधिकार नसावा.

शेवटी भाव. सेंद्रिय खपली महाग पडते, परवडणार नाही, असं ब्रुअर म्हणतात. किलोला शंभर रुपये धरले तरी लिटरमागे दोनशे ग्रॅमचे वीस रुपये होतात, अर्ध्या लिटरच्या पेल्याला दहा. साध्या माल्टशी तुलना केली तर पेल्यामागे वाढ पडते ती पाच-सहा रुपयांची, आणि पुण्यात तो पेला काही शे रुपयांना विकला जातो. खर्चाचा मोठा भाग जागेचं भाडं, कर, परवाना आणि वीज यांत आहे. अडचण आहे ती सातत्याची: एकाच वाणाचं, एकाच ओलाव्याचं पाच टन धान्य एकदम मिळत नाही. बव्हेरियातल्या नोयमार्क्टर लाम्सब्रॉय या ब्रुअरीने १९८० च्या दशकात सेंद्रियकडे वळताना याच अडचणीवर शेतकऱ्यांचा गट बांधून आणि भाव पेरणीआधी ठरवून मार्ग काढला. आपल्याकडे शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत, मांजरीत आंबवण्याचं ज्ञान आहे आणि अंश तपासणारी प्रयोगशाळा आहे.  रब्बीच्या ज्वारी-खपलीसाठी करार करायचा, तर पेरणीआधीच्या उन्हाळ्यातच बसून गट नंबरांची यादी करावी लागेल.